वाचता न येणारा हुशार मुलगा

“पोरगा पंप खोलून जोडतो, पण धड्यातली एक ओळ वाचता येत नाही,” असे गाऱ्हाणे पुष्कळ घरांतून ऐकू येते.

1925 साली अमेरिकेतील आयोवा या मक्याच्या मुलखात सॅम्युएल ऑर्टन या डॉक्टरांसमोर असाच सोळा वर्षांचा मुलगा आला. बुद्धीच्या चाचणीत त्याला गुण कमी पडले. पण मोटारीच्या इंजिनाबद्दल विचारताच तो झटकन उत्तरे देई. हा मंद नाही, हे डॉक्टरांनी ओळखले. त्या भेटीने त्यांना जन्माचा ध्यास लावला. 1948 साली वारले, तोवर ते या प्रश्नाच्या मागे होते.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. दोष डोळ्यांचा नव्हे, आळसाचाही नव्हे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. पुष्कळदा ही अडचण घराण्यातच असते.

मारून ती जात नाही. रोज थोडा वेळ मुलाला जवळ बसवा. ‘क’ मोठ्याने म्हणायला लावा आणि म्हणता म्हणता बोटाने मातीत गिरवू द्या. डोळा, कान व हात एकत्र शिकतात. गुरुजींशीही बोला, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अडचण मान्य केली आहे.

आणि त्याने जोडलेल्या पंपाचे चारचौघांत कौतुक करा.