खाऱ्या पाण्यातला साक्षीदार

2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा आमच्या हिवरखेडातच काय, अवघ्या वऱ्हाडात तर्कवितर्कांना ऊत आला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ नामक सूक्ष्मजीवांचा असल्याचा निर्वाळा दिला आणि लोकांचे कुतूहल त्या रंगाबरोबरच ओसरले. या जीवांचा मृत समुद्रात राहणारा एक भाऊबंद मेंदूच्या अभ्यासात केवढ्या कामी आला, हे मात्र फारसे कुणाच्या कानी आले नाही.

चेतापेशी स्वस्थ असताना तिचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश निघाला की हा भेद उलटतो, तोही सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता. 1952 साली हॉजकिन आणि हक्स्ली यांनी या घडामोडीचे गणित मांडले, ते माकूलाच्या जाड चेतातंतूत विद्युदग्र घालून. परंतु अशी नोंद त्या एकाच पेशीपुरती राहते. अनेक पेशींचा विद्युद्व्यवहार एकाच वेळी पाहावा, या आकांक्षेने 1973 मध्ये साल्झबर्ग, लॉरेन्स कोहेन आदींनी जळवेच्या चेतापेशींतील संदेश रंगद्रव्याच्या साहाय्याने टिपले. पण रंगद्रव्य हव्या-नको त्या साऱ्या पेशींना सरसकट चिकटते. पुढे रूढ झालेली कॅल्शियमची पद्धत सोयीची खरी, तरी माझ्या मते तिची साक्ष ऐकीव: संदेश उमटल्यावर पेशीत शिरणारे कॅल्शियम ती पाहते, आणि जो संदेश उमटण्यापूर्वीच दडपला गेला त्याची तिच्या दफ्तरी बहुधा नोंदच नसते.

मृत समुद्रातील त्या जीवापाशी, ऊन पडताच प्रोटॉन पेशीबाहेर लोटणारे एक प्रथिन आहे. हार्वर्डच्या ॲडम कोहेन व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याचे जनुक उंदराच्या चेतापेशींत घालून निसर्गाचा हा व्यवहार उलट दिशेने चालवला: तांबड्या लेझरखाली, विद्युद्दाब चढेल तशी प्रथिनाची प्रभा वाढली आणि एकेक संदेश दिसू लागला. शिवाय हे प्रथिन कोणत्या जातीच्या पेशींत निपजावे, याची तजवीजही जनुकामार्फत करता येते.

अडचण प्रकाशाच्या तुटपुंजेपणाची आहे. प्रथिन उपयोगी ठरते ते केवळ पेशीच्या पातळ आवरणात, त्याची मूळची प्रभा अत्यंत क्षीण, आणि सेकंदाला हजारभर चित्रे घ्यायची म्हटल्यावर प्रत्येक चित्राच्या वाट्याला प्रकाशकण थोडकेच येतात. लेझर प्रखर करावा, तर पेशी तापतात. नंतरच्या सुधारित प्रथिनांनी ही प्रभा पुष्कळ वाढवली, तरी मेंदूचा ऊतक प्रकाश विखुरतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची दृष्टी अजून बहुतांशी वरच्या थरांतच अडखळते.