वेदीचा विस्तव आणि याजकांचा वाटा

शिलोच्या देवस्थानात बळीचे मांस शिजायला लागले की याजकाचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन हजर होई. हंडा असो, कढई असो, काटा आत खुपसायचा आणि त्याला जे लागून येईल ते याजकाचे, अशी तिथली रीत होती. हफनी आणि फिनहास या वृद्ध एली याजकाच्या मुलांना तेवढ्यावर समाधान नव्हते. वेदीवर चरबी जळायच्या आधीच त्यांचा माणूस येऊन कच्चे मांस मागू लागला. मालकांना भाजलेले हवे आहे, उकडलेले नको, म्हणून. भक्ताने विनवावे की निदान देवाची चरबी तरी आधी जळू द्या. त्यावर उत्तर ठरलेले : आत्ता दे, नाहीतर ओढून घेतो.

जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ही हकिगत आली आहे. ती सांगणाऱ्याला याजकाने मांस खाण्यात काहीच वावगे वाटत नाही. तो त्याचा हक्कच होता. राग आहे तो देवाच्या आधी हात मारल्याचा. प्राचीन इस्राएलातल्या यज्ञार्पणांचा इतिहास वाचताना पाप, शुद्धी, प्रायश्चित्त हे शब्द सारखे भेटतात. पण त्या शब्दांच्या आड बऱ्याचदा एक साधा प्रश्न दडलेला असतो : जो पुजतो, त्याने खायचे काय?

याजक आणि त्यांचे मदतनीस लेवी वंशाचे. वंशावंशांत जमिनीची वाटणी झाली तेव्हा लेवीच्या वाट्याला शेत आले नाही. राहण्यापुरती 48 नगरे आणि त्यांभोवतीची गायराने, एवढेच नेमून दिले होते. त्याच्या बदल्यात गणना या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात उत्पन्नाची एक साखळी बांधून दिली आहे. लोकांनी पिकाचा दशमांश लेव्यांना द्यायचा आणि लेव्यांनी त्यातला दशमांश अहरोनाच्या घराण्यातल्या याजकांना. शिवाय प्रथमफळे, गुराढोरांची पहिली पिल्ले आणि घरातल्या पहिल्या मुलाला सोडवून घेण्याचे पाच शेकेल चांदी. यज्ञांचे नियम सांगणारे लेवीय हे पुस्तक कंटाळवाणे म्हणून आजचा वाचक भराभर पाने उलटतो. भूमिहीन घराण्याची शिधापत्रिका म्हणून ते वाचले, तर मात्र त्यातला प्रत्येक बारकावा कुणाच्या तरी ताटाशी जाऊन पोचतो.

होमार्पणाचा पशू अख्खा जळायचा. त्यात याजकाला फक्त कातडे. पापार्पण आणि दोषार्पण यांचे मांस सहसा याजक कुळातल्या पुरुषांनी पवित्र जागेतच खायचे. सगळ्यांत रंगतदार प्रकार म्हणजे शांत्यर्पण. त्यात रक्त आणि चरबी, गुर्दे, काळजावरचा पडदा हे वेदीला. ऊर आणि उजवी मांडी याजकाला. उरलेला सगळा पशू आणणाऱ्याच्या कुटुंबाला. उपकारस्तुतीचे मांस त्याच दिवशी संपवायचे. नवस फेडण्याचे असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चाले, तिसऱ्या दिवशी उरलेले जाळून टाकायचे. अख्खा बोकड एका दिवसात संपवायचा म्हणजे शेजारीपाजारी, गडीमाणसे, पाहुणेरावळे यांना बोलावण्यावाचून गत्यंतर नाही. एरवी महिनोन्‌महिने मांस न दिसणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी यज्ञ म्हणजे मेजवानी असे.

कुठला तुकडा याजकाचा, यावर खुद्द धर्मग्रंथांचेही एकमत नाही. लेवीय ऊर आणि मांडी देते. अनुवाद या पुस्तकात खांदा, दोन्ही गालफडे आणि कोठा आहे. वेगवेगळ्या काळांतले आणि देवस्थानांतले रिवाज इथे एकत्र शिवले गेले असावेत. ही वाटणी इस्राएलाच्याही आधीची आहे. लाखीश इथे कनानी लोकांच्या एका मंदिरात 1930च्या दशकात उत्खनन झाले. तिथे मिळालेल्या पशूंच्या हाडांत फार मोठा भरणा होता तो उजव्या पुढच्या पायांचा. कार्थेजच्या फिनिकी वंशजांनी तर सरळ दरपत्रकच दगडावर कोरून ठेवले होते. 19व्या शतकात मार्सेय बंदरात सापडलेल्या त्या शिलालेखात बैलापासून पाखरापर्यंत कोणत्या बळीमागे याजकाला किती चांदी मिळेल ते लिहिले आहे. ज्याच्याकडे ना गुरे ना पाखरे, अशा गरिबाकडून याजकाने काही घेऊ नये, हेही त्यात आहे.

इस्राएली नियमांनीही गरिबाचा विचार केला होता. काही पापार्पणांत मेंढी झेपत नसेल तर दोन कबुतरे किंवा होले चालत. तेही जमत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ, तेल-धुपाशिवाय. बाळंतिणीच्या शुद्धीलाही कोकरू नसेल तर दोन पाखरे पुरत. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या आईबापांनी हेच गरिबांचे अर्पण दिले.

अन्नार्पणात सपीठ, तेल आणि ऊद. त्यातली मूठभर वेदीवर, बाकी याजकांना. खमीर आणि मध वेदीवर चालत नसे, मीठ मात्र हवेच. या अन्नार्पणाचा एक धागा थेट कोकणात येतो. रायगड-अलिबागकडच्या बेने इस्राएल समाजात नवस फेडताना किंवा लग्नकार्यात मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरे, वेलची आणि भोवती फळे मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे स्मरण केले जाते आणि मग सगळे मिळून ते खातात. हा जुन्या अन्नार्पणाचाच अवशेष असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. वेदी नाही, याजक नाही, तांदळाच्या मुलखात सपिठाची जागा पोह्यांनी घेतलेली. तर्क सिद्ध करणे अवघड आहे, पण त्याची भुरळ पडते हे खरे.

ग्रंथांतले आकडे मात्र जपून घ्यावेत. यरुशलेमेच्या मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी शलमोन राजाने 22,000 बैल आणि 1,20,000 मेंढरे अर्पिली, असे राजांच्या पुस्तकात आहे. हा आकडा हिशेबनिसाचा नव्हे, भाटाचा.

जमिनीतून निघालेले पुरावे जास्त भरवशाचे. नेगेवच्या कडेला अराद इथे योहानान अहारोनी यांनी 1960च्या दशकात यहूदाच्या किल्ल्यातले एक छोटे मंदिर उकरून काढले. अंगणात अनघड दगडांची यज्ञवेदी आणि गाभाऱ्याच्या पायरीवर धुपाच्या दोन वेद्या. त्यांवर चिकटून राहिलेल्या काळ्या थराचे पृथक्करण 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. मोठीवर ऊद पशूच्या चरबीत मिसळून जाळला होता, धाकटीवर भांग शेणात मिसळून. बेरशेब्यात तर वेदीच्या चारी कोपऱ्यांची शिंगे एका कोठाराच्या भिंतीत सापडली. कुणीतरी वेदी मोडून तिचे दगड बांधकामाला वापरले होते. अनघड दगडांचीच वेदी करावी अशी ग्रंथाज्ञा, आणि हे दगड मात्र चांगले घडवलेले.

वेद्या मोडण्यामागे राजकारण होते. इ.स.पू. 622च्या सुमारास यहूदाच्या योशीया राजाने गावोगावची उच्चस्थाने, म्हणजे स्थानिक देवस्थाने, भ्रष्ट करून उपासना यरुशलेमेत आणली. याने धर्म किती शुद्ध झाला कोण जाणे, पण गावोगावच्या याजकांची चूल विझली. त्यांना यरुशलेमेच्या वेदीवर चढू दिले गेले नाही. भाऊबंदांमध्ये बसून बेखमीर भाकर खाण्याची मुभा तेवढी मिळाली. पोट भरले, मान गेला.

यरुशलेमेबाहेर वेदी असूच नये, हा आग्रह सगळ्यांनी मानला नव्हता. नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर इराणी सत्तेच्या चाकरीत यहुदी शिपायांची वस्ती होती आणि तिचे स्वतःचे मंदिर होते. शेजारीच मेंढ्याच्या रूपातल्या ख्नूम देवाचे देऊळ. इ.स.पू. 410 मध्ये ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून यहुद्यांचे मंदिर पाडले. वस्तीने यरुशलेमेच्या मुख्य याजकाला पत्र लिहिले, पण उत्तर आले नाही. 407 मध्ये यहूदाच्या सुभेदाराकडे अर्ज गेला. पुनर्बांधणीला संमती मिळाली, वेदीवर अन्नार्पण आणि धूप चालेल असे कळवले गेले. पशूच्या होमाचा उल्लेखच नव्हता.

त्याच शतकात यरुशलेमेतही ओढाताण होती. यहूदाचा सुभेदार नहेम्या इराणहून परत आला तो पाहतो काय, एल्याशीब याजकाने देवळाचे कोठार तोबीया नावाच्या आपल्या आप्ताला राहायला दिलेले. धान्य, ऊद, दशमांश ठेवायची ती खोली. लेवी आणि गायकांना वाटा मिळेनासा झाला म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेलेले. नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर भिरकावले, दशमांश पुन्हा सुरू केला आणि कोठारावर एक याजक, एक लेखक आणि एक लेवी नेमला. एका जातीच्या हाती किल्ली ठेवायची नाही, एवढे त्याला कळले होते. मलाखी संदेष्ट्याची तक्रार दुसऱ्या बाजूची : लोक आंधळी, लंगडी जनावरे देवाला आणतात, तीच सुभेदाराला नजर करून पाहावीत.

इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात यरुशलेमेच्या दुसऱ्या मंदिराचा कारभार फार जिवंत दिसतो. पेयार्पण हवे असलेल्याने योहानान नावाच्या अधिकाऱ्याकडे पैसे भरून शिक्का घ्यायचा आणि तो अहीयाला दाखवून माल घ्यायचा, खाणावळीच्या कूपनासारखे. संध्याकाळी दोघांचा हिशेब जुळवला जाई. पैसे कमी भरले तर भरपाई योहानानच्या खिशातून, जास्त निघाले तर मंदिराचे. अधिकाऱ्यांच्या यादीत पोटदुखी सांभाळणारा एक बेन अहीयाही आहे. याजक थंडगार फरशीवर अनवाणी वावरत, भरपूर मांस खात, वर पाणी पीत. तेव्हा पोट बिघडायचेच.

पाखरांच्या बाजारातही नफेखोरी होती. एकदा यरुशलेमेत कबुतरांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दिनारांवर गेला. धर्मगुरू राब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी शपथ घेतली की भाव उतरल्याशिवाय आज झोपणार नाही. सभेत जाऊन त्यांनी शिकवले की पाच बाळंतपणे झालेल्या बाईने एकच अर्पण आणले तरी पुरे, बाकीचे बंधनकारक नाही. मागणी घटली आणि त्याच दिवशी भाव चांदीच्या दिनाराच्या पावावर आला. मंदिराच्या टेकडीजवळ सापडलेल्या एका दगडी भांड्याच्या तुकड्यावर ‘कोरबान’, म्हणजे अर्पण, असा शब्द आणि शेजारी दोन पाखरे कोरलेली आहेत.

मंदिराच्या शेवटच्या दशकांत शिलोचा काटा पुन्हा दिसू लागतो. कातडी पाळीच्या याजकांत वाटली जात, तर दांडगे याजक ती बळाने नेत, अशी आठवण तालमूद या यहुदी धर्मग्रंथाने जपली आहे. अखेर भक्तांनी कातडी थेट मंदिरालाच वाहिली. यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की मुख्य याजक अनन्याची माणसे खळ्यांवर जाऊन दशमांश हिसकावत, न देणाऱ्याला मारत, आणि गरीब याजक उपाशी मरत. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळले आणि यरुशलेमेच्या वेदीवरचे हवन थांबले. कर मात्र थांबला नाही. यहुदी पुरुष मंदिराला जो अर्धा शेकेल देत, तेवढेच दोन द्राख्मा रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी वसूल होऊ लागले, आणि आता बायकामुलांकडूनही.

गणना पुस्तकातल्या वाट्यांपैकी एक अजून चुकता होतो. पहिला मुलगा महिन्याचा झाला की परंपरा पाळणारे यहुदी कुटुंब कोहेनाला, म्हणजे याजक कुळातल्या पुरुषाला, पाच चांदीची नाणी देते. इस्राएलच्या मध्यवर्ती बँकेने 1970च्या दशकात या विधीसाठी खास नाणी पाडली होती. ती घेणारा कोहेन अनेकदा पैसे बाळाच्या घरी परत करतो.