भाडे दिले, पण पावती कुठे आहे?

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला डोके टेकायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने रोजच्या दीड रुपयावर त्यांना ठेवून घेतले. अट एकच, नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि बाबासाहेबांना त्याच दिवशी ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे. आपण तो अपमानाची कहाणी म्हणून वाचतो आणि ती आहेच. पण मी आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. माझे लक्ष त्या नोंदवहीकडे जाते. पैसे खरे होते, नाव खोटे होते. खरे नाव लिहिले असते तरी त्यांना बाहेर काढलेच असते, हे मला कळते. तरीही ज्याने रोज दीड रुपया मोजला त्याचे नाव कागदावर नव्हते, ही गोष्ट मनातून जात नाही.

याला शंभर वर्षे उलटून गेली. आज घाटकोपर, मुलुंड, भांडुप, बोरिवलीत भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग 'नॉनव्हेज खाता का' असे विचारतात. या दोन प्रश्नांतून पार पडून खोली मिळाली की माणूस इतका हरखून जातो की कागद मागायचे धाडस त्याच्यात उरत नाही. एजंट म्हणेल तिथे सही करतो आणि दर महिन्याला रोख पैसे त्याच्या हातावर ठेवतो. कागद मागितला आणि मालक बिथरला तर पुन्हा वणवण! आपली ही भीती ओळखूनच भाड्याचा बाजार चालतो.

आता तर हा प्रश्न घरोघरी आला आहे. घाटकोपरच्या ज्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जीव गेले, त्याच वस्तीचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि एसआरए मिळून करीत आहेत. लोक पिढ्यान्‌पिढ्यांची घरे रिकामी करून भाड्याने राहायला जात आहेत. विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करावे आणि त्यापुढच्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यावेत, असा नियम एसआरएने २०२३ मध्ये केला. त्याआधी कित्येक योजनांत बिल्डरांनी सहा-आठ महिने भाडे देऊन हात वर केले होते आणि माणसे ना घरची ना भाड्याची झाली होती. म्हणून नियम चांगला आहे. परंतु दोन वर्षांची रक्कम एकदम हातात पडली की ती बारशात, लग्नात, गावच्या कर्जात जाते, हेही आपण आपल्यापुरते कबूल केले पाहिजे. भाड्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि दरमहा तिथूनच भाडे द्यावे, म्हणजे बँकेचे पासबुक हीच पावती होते.

आपल्या बापजाद्यांना पावतीची किंमत ठाऊक होती. घाटकोपर-अंधेरीच्या जुन्या चाळींत मालकाचा मेहता भाडे घ्यायला येई. मालकाला खोली खाली करून हवी असली की तो भाडे घ्यायचेच बंद करी, म्हणजे पुढे 'भाडे थकवले' म्हणून कोर्टात जाता येई. तेव्हा आमचे अल्पशिक्षित चुलते भाडे मनीऑर्डरने पाठवीत आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेले कूपन पत्र्याच्या पेटीत जपून ठेवीत. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पावती देणे मालकावर बंधनकारकच केले आहे. ती न दिल्याचा गुन्हा शाबीत झाला तर दर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम किती भाडेकरूंनी ऐकले आहे?

याच कायद्याचे ५५ वे कलम लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी तर पाठच करावे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते, हे एजंटांनी पसरवलेले खोटे आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही नोंदवावा लागतो. न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणी आता घरबसल्या संगणकावर होते.

इथपर्यंत भाडेकरूची बाजू झाली. परंतु आता आपल्यातही मालक आहेत. तीस-तीस वर्षे पालिकेत झाडू मारून, ग्रॅच्युइटी घालून ज्यांनी सोसायटीत एक खोली घेतली, तेही मालकच. माझ्या परिचयातल्या एका मावशींची मुलुंड पूर्वेला अशी खोली आहे. त्या मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या आणि खोली एका एजंटाच्या हवाली केली. ठरलेले भाडे सोळा हजार. दरमहा हातात येत अकरा हजार पाचशे. "खर्च वजा जाता एवढेच उरतात, मावशी," एवढाच हिशेब, तोही फोनवर. दोन वर्षे असे चालले.

मी त्यांना सोसायटीची बिले मागवायला लावली. एजंटाने वहीच्या पानावर लिहून दिलेली कपात अशी : सोसायटी २,३५०, बाहेरचा भाडेकरू म्हणून जादा ९००, त्याची देखरेख ५००, किरकोळ दुरुस्ती ७५०. एकूण ४,५००. वजाबाकी बरोबर. परंतु सोसायटीचे बिल हातात आले तेव्हा दिसले की त्या २,३५० मध्येच भाडेकरू ठेवल्याचा आकार धरलेला आहे आणि तो आहे १४० रुपये! कारण राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सोसायटीला हा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि मावशींचे सेवाशुल्क १,४०० आहे. म्हणजे वेगळे ९०० कुणी मागितलेच नव्हते. चोवीस महिन्यांचे २१,६०० रुपये. दुरुस्तीचे १८,००० कापले, त्यातले बिल निघाले एकच, नळ आणि गिझरचे, २,२०० रुपयांचे.

मग मी भाडेकरूला भेटलो. तोही आपलाच माणूस, भांडुपच्या एका रखडलेल्या झोपडपट्टी योजनेतून बाहेर पडलेला, बिल्डरचे भाडे केव्हाच बंद झालेले. त्याने मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत दर महिन्याची तारीख आणि रक्कम लिहून ठेवली होती. रक्कम होती साडेसतरा हजार. मावशींच्या कागदावर सोळा, त्याच्या वहीत साडेसतरा. त्याचे डिपॉझिटचे चाळीस हजारही एजंटाकडेच होते, मावशींना त्याचा पत्ताच नव्हता. त्याला वाटे मालकीणबाई लोभी आहेत, मावशींना वाटे भाडेकरू खोलीची मोडतोड करतो. दोघांनी दोन वर्षांत एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. एजंटाची सारी कमाई या न भेटण्यावर उभी होती.

रविवारी मावशींच्या मुलाकडे दोघांना समोरासमोर बसवले. बिले, वही, पासबुक चटईवर मांडले. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्याच्या बायकोला म्हणाल्या, "तुझा नवरा लिहून ठेवणारा निघाला म्हणून बरं झालं."

आता करार नोंदवला आहे. नोंदणीची फी आणि मुद्रांक शुल्क दोघांनी निम्मे-निम्मे भरले. भाडे दर पाच तारखेला थेट मावशींच्या खात्यात येते आणि सोसायटीचे बिल त्या स्वतः भरतात. पालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यावर प्राप्तिकरात ३० टक्के सरसकट सूट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची खोटी-खरी बिले जमवावी लागत नाहीत, हेही त्यांना सांगितले. एजंटाने २१,६०० रुपये तीन हप्त्यांत परत केले. डिपॉझिट आणि भाड्यातल्या फरकासाठी त्याला वकिलाची नोटीस गेली आहे. भाडेकरूची ती शाळेची वही सध्या वकिलाकडे आहे आणि त्याने दुसरी सुरू केली आहे.