नाशिकच्या हिऱ्याचे मालक

१८१७ साली आजच्या नवी मुंबईतला बेलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली. त्या धामधुमीत दुसऱ्या बाजीरावाकडचा एक हिरा कर्नल ब्रिग्जच्या हाती लागला. मूळचा गोवळकोंड्याचा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराच्या चरणी वाहिलेला, अशी त्याची ख्याती. ब्रिग्जने तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे सोपवला आणि दख्खनच्या लुटीत जमा होऊन तो लंडनला गेला. ‘नाशिकचा हिरा’ हे नाव तेवढे त्याच्यासोबत राहिले.

रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडून तो १८३१ मध्ये इमॅन्युएल बंधूंकडे आला. १८३७ च्या लिलावात तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत जडवला. १९२७ मध्ये त्या घराण्याने तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याकडे सोपवला. १९४० मध्ये तो न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेला, १९७० च्या लिलावात पाच लाख डॉलरना विकला गेला आणि पुढे लेबनॉनच्या रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात पोहोचला.

भारत सोडताना त्याचे वजन सुमारे ९० कॅरेट होते. लंडनच्या जवाहिऱ्यांनी नवे पैलू पाडून ते ८० च्या आसपास आणले. विन्स्टनने त्याचा त्रिकोणी घाटच मोडून चौकोनी केला, तेव्हा उरले ४३.३८ कॅरेट. चमक वाढली खरी, पण पेशव्यांनी पाहिलेला हिरा आता अर्धाही शिल्लक नाही.

जपानमध्ये मौल्यवान वस्तूचे मालक वेगळे वागले. ‘त्सुकुमो नासु’ ही चहाची पूड ठेवायची, मुठीत मावणारी, वांग्याच्या घाटाची मातीची कुपी. मात्सुनागा हिसाहिदे या सरदाराने ती १५६८ मध्ये बलाढ्य सेनानी ओदा नोबुनागाला नजर केली. पुढे ती नोबुनागानंतरचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेली. १६१५ मध्ये त्याच्या घराण्याचा ओसाकाचा किल्ला जळाला, तेव्हा तिचे तुकडे झाले. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासूच्या हुकमावरून फुजिशिगे या कारागीर पितापुत्रांनी ते राखेतून वेचले आणि झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाने असे सांधले, की जोड एक्स-रेतच दिसावेत. इएयासूने खूश होऊन कुपी त्यांनाच बक्षीस दिली. १८७६ मध्ये ती मित्सुबिशी घराण्यातल्या इवासाकी यानोसुकेने घेतली. आज ती टोकियोच्या सेइकादो संग्रहालयात आहे. कोणाकडून कोणाकडे गेली, ही हकिगत तिथे वस्तूइतकीच जपली जाते. त्या हकिगतीमुळेच फुटलेली माती अमोल ठरली.

आपल्याकडेही याचा प्रत्यय नुकताच आला. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. पात्यावर सोन्याने देवनागरीत त्यांचे नाव कोरलेले होते, म्हणून ती कोणाची हे सांगता आले. राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपये मोजून ती ऑगस्टमध्ये मुंबईत आणली.

नाव कोरण्याची ही रीत आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. घागर, परात, तांब्याचा हंडा यांवर कासार ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचे नाव, गाव आणि साल उमटवी. नवी मुंबईत सीबीडीच्या उंच इमारतींतले संसार असोत की शेजारच्या बेलापूर गावातली जुनी घरे, माळ्यावरची ही भांडी आता किलोच्या भावाने मोडीत जातात. भट्टीत पितळेबरोबर नावही वितळते. या दिवाळीत भांडी घासताना ती अक्षरे वाचावीत, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची हकिगत विचारावी आणि वहीत उतरवून ठेवावी. भांडे पुढे कोणाकडेही गेले, तरी ते कोणाचे होते हे सांगणारा कागद मागे राहायला हवा.