नवे कलम आधी बांधावर

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातील जाणता बागाईतदार संत्र्याचे नवे कलम एकदम साऱ्या बागेत लावीत नाही. बांधाकडेला दोन-चार रोपे लावतो, ती फळास येईपर्यंत वाट पाहतो आणि मगच पुढचा निर्णय घेतो. लिनक्सची अद्याप घडत असलेली आवृत्ती संगणकावर बसविताना हाच विवेक उपयोगी पडतो.

लिनक्स हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा होय. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याचा आरंभ केला. या गाभ्याभोवती अनेक प्रोग्रॅमांची जुळणी करून जो संपूर्ण संच तयार होतो, त्यास वितरण म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन आणि २००३ साली निघालेले फेडोरा ही त्यांतील दोन नामांकित वितरणे. फेडोराची स्थिर आवृत्ती वर्षातून साधारणतः दोनदा निघते. परंतु तिच्यामागे 'रॉहाइड' नावाचा कच्च्या मालाचा प्रवाह अखंड वाहत असतो. डेबियनमध्ये नवा प्रोग्रॅम बहुधा प्रथम 'सिड' नावाच्या अस्थिर शाखेत येतो. काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर तो चाचणीच्या शाखेत जातो आणि शेवटी स्थिर आवृत्तीत स्थान मिळवितो.

अशी कच्ची आवृत्ती वापरून पाहण्याच्या चार वाटा आहेत. जोखीम वाढत जाते त्या क्रमाने त्या सांगतो.

पहिली वाट पेन ड्राइव्हची. उतरवून घेतलेली फाइल त्यावर नुसती नक्कल करून भागत नाही. 'फेडोरा मीडिया रायटर'सारख्या साधनाने ती लिहावी लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो. मग संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावयाचा. 'बसवा' असे आपण होऊन सांगत नाही, तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही.

दुसरी वाट आभासी संगणकाची. 'व्हर्च्युअलबॉक्स' किंवा 'बॉक्सेस' या प्रोग्रॅमांच्या साह्याने आपल्या संगणकाच्या पोटातच दुसरा संगणक मांडता येतो. नवी आवृत्ती त्यात बसवावी आणि त्या क्षणीची स्थिती जतन करून ठेवावी. पुढे काही बिघडले, तर त्या स्थितीवर परत येता येते. ज्याच्याजवळ ८ जीबी रॅम आहे, त्याने निम्मी त्यास द्यावी. नवशिक्यास हीच वाट उत्तम.

तिसरी वाट म्हणजे हार्ड डिस्कचा वेगळा भाग पाडून त्यावर स्वतंत्रपणे आवृत्ती बसविणे. यात यंत्राचे खरे वागणे कळते. परंतु भाग पाडताना हात चुकला, तर जुना मजकूर जातो.

चौथी वाट चालत्या स्थिर आवृत्तीलाच पुढे ढकलण्याची. डेबियनमध्ये प्रोग्रॅम कोठून आणावयाचे याची एक नोंद असते. तीत स्थिर शाखेऐवजी चाचणीच्या शाखेचे नाव घालून सारा संच अद्ययावत करावयाचा. येथे नावाचा फरक ध्यानी ठेवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये 'ट्रिक्सी' ही १३ क्रमांकाची आवृत्ती स्थिर झाली आणि चाचणीस 'फॉर्की' आली. नोंदीत 'फॉर्की' असे लिहिले, तर ती स्थिर होताच आपणही तिच्याबरोबर स्थिर होतो. नुसते 'चाचणी' या अर्थाचे नाव लिहिले, तर पुढच्या कच्च्या आवृत्तीमागे जात राहतो.

या वाटेवरून मागे फिरण्याची सोय नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरच्या एकुलत्या संगणकावर मी हा प्रयोग केला. सकाळी पडदा काळाच राहिला आणि आत तीन वर्गांच्या प्रश्नपत्रिका अडकल्या. त्या रात्री मी त्या पुन्हा हाताने लिहून काढल्या. यास्तव प्रथम आपल्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि उतरविलेल्या फाइलचा चेकसम वितरणाच्या संकेतस्थळावरील चेकसमशी ताडून पाहावा.

मग हा उपद्व्याप करावाच कशाला, असे कोणी विचारील. आमच्या भागात घरची भाषा मराठी आणि कारभाराची हिंदी. संगणक हिंदीत लावला, की मराठी मजकुरातील 'ल' आणि 'श' अनेकदा हिंदी वळणाचे उमटतात. त्याहून नाजूक गोष्ट 'ऱ्य' या जोडाक्षराची. सातपुड्याच्या 'दऱ्या' लिहावयास जावे आणि पडद्यावर 'दर्या' उमटावा, तर डोंगराच्या जागी समुद्र येतो! आचाऱ्याचा आचार्य होतो तोही असाच. मराठी न जाणणाऱ्या अभियंत्यास ही चूक दिसणारच नाही. ती आपल्याच डोळ्यांस दिसेल.

नवी आवृत्ती स्थिर होण्यापूर्वी असा दोष डेबियनच्या 'रिपोर्टबग'मधून किंवा फेडोराच्या 'बगझिला' या नोंदवहीत कळविला, तर तो सर्वांसाठी दुरुस्त होऊ शकतो. कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ती, कोणता टंक, काय लिहिले आणि काय उमटले, एवढे सोप्या इंग्रजीत लिहून पडद्याचे चित्र जोडले, की काम झाले.

म्हणून ज्यास हौस आहे, त्याने आभासी संगणकात नवी आवृत्ती बसवावी आणि पहिला शब्द 'दऱ्या' हाच लिहून पाहावा.