आडनावाविना अडले!

आमच्या वर्गात तीन सुनीता आहेत. हजेरी घेताना सर आडनाव आधी उच्चारतात म्हणून बरे, नाहीतर एका हाकेला तिघी 'हजर' म्हणाल्या असत्या. संगणकाजवळ एवढी समजूत नाही. एकाच नावाचे दोघे समोर आले की तो कामच थांबवतो. हे मी ठेच लागून शिकलो.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. फीचा भार थोडा हलका व्हावा म्हणून तालुक्यातील एका बियाणांच्या दुकानाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. ('संगणकाचे काम' म्हणजे टायपिंग, अशी वडिलांची अजून समजूत आहे.) हे संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. वर्डप्रेस पीएचपी भाषेत लिहिलेले असून त्याला इतरांनी केलेले प्लगिन, म्हणजे जोडकार्यक्रम, बसवता येतात.

मृगाच्या तोंडावर दुकानदार काका म्हणाले, "बियाणांचे भाव एका नजरेत दिसू देत रे." मी एक छोटे फंक्शन लिहिले, त्याचे नाव ठेवले 'शो_प्राइस', आणि रात्री चढवून झोपलो. सकाळी संकेतस्थळ बंद! आधीच बसवलेल्या एका प्लगिनमध्ये नेमके 'शो_प्राइस' होतेच. पीएचपीत त्याच नावाचे फंक्शन दुसऱ्यांदा घोषित केले की कार्यक्रम तिथेच कोसळतो. काकांचे पेरणीचे गिऱ्हाईक आणि माझी फी, दोन्ही टांगणीला लागली.

उपाय साधा होता: नावाआधी आपला उपसर्ग लावायचा. पण कोणता? मी ऐटीत 'डब्ल्यूपी_' लावणार होतो, कारण जिकडेतिकडे तोच दिसत होता. तो वर्डप्रेसने स्वतःसाठी राखून ठेवला आहे हे वेळीच कळले. पाटलांच्या वाड्यावर आपली पाटी लावण्यातलाच तो प्रकार! मग दुकानाची दोन आद्याक्षरे घ्यावीत म्हटले. परंतु प्लगिन हजारोंनी आहेत. दोन-तीन अक्षरे कुणाशी तरी जुळणारच. शेवटी दुकानाचे नाव आणि गावाचे नाव जोडून सहा इंग्रजी अक्षरे केली. दुपारी भाव दिसू लागले.

२००९ साली पीएचपी ५.३ मध्ये 'नेमस्पेस' आले, म्हणजे प्रत्येकाला आपले घराणे वेगळे ठेवण्याची सोय झाली. पण घराण्यालाही नाव लागतेच, तेव्हा प्रश्न तोच.

शिवाय एकदा लावलेला उपसर्ग सहसा सुटत नाही. नेक्स्ट नावाच्या कंपनीने नेक्स्टस्टेप ही प्रणाली केली होती. ती कंपनी घेत असल्याचे ॲपलने १९९६ च्या अखेरीस जाहीर केले. तरी ॲपलच्या 'एनएसस्ट्रिंग'सारख्या नावांत तिचा 'एनएस' आजही आहे. सासरी येऊन माहेरचे आडनाव टिकवले म्हणायचे! याउलट एस्क्यूलाइटने २००४ साली तिसऱ्या आवृत्तीत उपसर्ग मुद्दाम 'एस्क्यूलाइट३_' असा बदलला. त्यामुळे जुनी व नवी आवृत्ती एकाच कार्यक्रमात न भांडता नांदू शकली. मला हा शहाणपणा फार आवडला.

माझ्या जुन्या फाईलीत अजून अकरा फंक्शने बिनआडनावाची आहेत. परीक्षा संपली की त्यांना हात घालणार आहे. तोवर काकांनी नवे प्लगिन बसवू नये, एवढे त्यांना सांगून ठेवले आहे.