मिर्झा कासेमी: वांग्याचं इराणी भरीत

धोबीतलावच्या कयानी या इराणी कॅफेत १९०४ पासून ब्रुन मस्का मिळतो. पण असे कॅफे काढणारे मुंबईचे बहुतेक इराणी इराणमधल्या यझ्दकडच्या कोरड्या मुलखातले. मिर्झा कासेमी मात्र कॅस्पियन समुद्राकाठच्या हिरव्यागार गिलान प्रांताचा पदार्थ. गिलानचं मुख्य शहर रश्त. युनेस्कोने २०१५ मध्ये रश्तला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला.

दादरच्या मंडईतली भरताची दोन मोठी वांगी घ्यावीत. टोचे मारून थेट गॅसवर, साल पूर्ण काळी पडेपर्यंत भाजावीत. ओव्हनमध्ये वांगं शिजतं, पण तो धुराचा वास येत नाही, आणि सगळी मजा त्या वासातच आहे! सोलून चाळणीत निथळत ठेवावीत.

तेलात ठेचलेला लसूण, सात-आठ पाकळ्या तरी हव्यातच, मंद आचेवर परतावा. करपला की कडवटपणा येतो. हळद, वांग्याचा गर, मग तीन टोमॅटो बारीक चिरून. तेल सुटलं की मीठ, मिरपूड. गर बाजूला सारून दोन अंडी फोडावीत, अर्धवट जमली की हलकेच मिसळावीत.

गिलानमध्ये हे भाताबरोबर किंवा रोटीबरोबर खातात. गिरगावात कोपऱ्यावरच्या बेकरीचा ताजा कडक पाव उत्तम.